कॉकरचे कान आणि गोव्याचा पाऊस

मंडळी, नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी कॉकर स्पॅनियल आहे आणि काहींना तो घ्यायचा आहे. घ्यायचा आहे त्यांना आधी एकच विचारतो: जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत एक कुत्रा कोरडा ठेवायला रोज अर्धा तास आहे का? नसेल तर आखूड केसांचा आणि उभ्या कानांचा आपला गावठी कुत्रा पाळा. तो गोव्यातच घडला आहे. कॉकर घडला इंग्लंडच्या थंड झुडपांत.

त्याचं नावच वुडकॉक या पक्ष्यावरून आलं. वुडकॉक म्हणजे पाणलाव्याच्या कुळातला, झुडपात दबून बसणारा पक्षी. नाक जमिनीला लावून काट्याकुट्यात शिरायचं आणि पक्षी उठवायचा, हे कॉकरचं काम. आपल्याकडे ‘कॉकर’ म्हणून दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. इंग्लिश कॉकर ३८ ते ४१ सेंटिमीटर उंच, १३ ते साडेचौदा किलो वजनाचा, तोंड लांबट. अमेरिकन कॉकर जरा बुटका, डोकं घुमटासारखं गोल, नाक आखूड, केस जास्त दाट. अमेरिकन केनेल क्लबने १९४६ मध्ये दोघांना वेगळ्या जाती मानलं. आपल्या हवेत इंग्लिश कॉकरची निगा त्यातल्या त्यात सोपी. पिल्लू आठ आठवड्यांआधी घेऊ नका, आणि घेताना त्याच्या आईचे कान उचलून वास घ्या. विकणाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी घ्या.

आता कान. आजचा निम्मा वेळ मी कानांनाच देणार आहे.

कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते. आधी खाली उतरते आणि मग आत वळते, गवंड्याच्या गुण्यासारखी. कॉकरमध्ये या नळीत केस जास्त, मेण करणाऱ्या ग्रंथी जास्त, आणि वरून जड, केसाळ पाळीचं झाकण. आत ऊब, ओल आणि अंधार. मालासेझिया नावाचं यीस्ट प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर थोडंफार असतंच. अशा जागी ते माजतं. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवर आंबायला ठेवलेल्या पिठासारखा वास आणि तपकिरी, चिकट मळ दिसला की बहुधा तेच असतं. पिवळा-हिरवट पू आणि नाक फिरवायला लावणारी घाण असेल तर जिवाणू. कॉफीच्या पुडीसारखा कोरडा काळा चुरा असेल तर कानातली माइट ही बारीक कीड. पण हे अंदाजच. काचपट्टीवर मळ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय औषध ठरवू नये.

खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर तेल लागतं, पण हे यीस्ट स्निग्धावरच जगतं. तेल म्हणजे त्याला जेवण. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, सोललेल्या कातडीची आग होते.

धुण्यासाठी पशुवैद्यांकडे मिळणारा कान धुण्याचा द्रव घ्या. एरवी आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, आणि पाण्यात खेळून आला की त्याच दिवशी. रोज धुऊ नका. कातडी ओली राहून फुगते. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कारण गार द्रव कानात गेला की कुत्रा पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली शिरतो. पाळी वर उचलून किंचित बाहेर ओढा, म्हणजे उभी नळी ताणली जाते. बाटलीचं टोक कानाला न लावता नळी काठोकाठ भरा. तीन थेंबांनी काहीच होत नाही. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे बोटांनी चाचपा. कूर्चेची टणक नळी हाताला लागते. ती अर्धा मिनिट चोळा. पचक पचक आवाज आला पाहिजे. नाही आला तर द्रव कमी पडला किंवा तुम्ही भलतीकडे चोळताय. मग सोडा त्याला. तो डोकं झटकतो, भिंतीवर शिंतोडे उडतात, आणि खोलवरचा मळ वर येतो. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढंच पुसा. कान कोरायच्या काड्या वापरू नका. त्या मळ वळणापर्यंत ढकलून ठासतात.

कान लाल आहे, हात लावू देत नाही, मान एका बाजूला कलली आहे किंवा चालताना तोल जातो, असं काही असेल तर काहीही ओतू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कायमचा बहिरेपणा येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे औषध चौथ्या दिवशी बंद करणं. खाज थांबते, वास जातो, बाटली फ्रिजच्या दारात जाते. नळीच्या तळाशी आजार शिल्लक राहतो आणि महिन्याने परत येतो. कॉकरचा कान अशा प्रत्येक फेरीत इतर जातींपेक्षा जास्त जाड होतो. ग्रंथी वाढतात, नळी अरुंद होते, पुढे तिच्यात चुना साचतो. तिथे औषध पोचत नाही, अख्खी नळी काढायचीच शस्त्रक्रिया उरते. म्हणून पुन्हा तपासून ‘साफ’ म्हणेपर्यंत औषध चालू ठेवा. वर्षातून तिसऱ्यांदा कान आला तर कानाचं कारण कातडीच्या किंवा अन्नाच्या अ‍ॅलर्जीत शोधायला सांगा. सारखं डोकं झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी पुरीसारखी टम्म फुगते; ती घरी सुईने फोडू नका.

पाळीच्या आतले, नळीच्या तोंडाभोवतीचे केस दर तीन आठवड्यांनी बारीक मशीनने काढा, बाहेरून पाळीच्या वरच्या एक तृतीयांश भागावरचेही. वारा खेळतो. जेवायला उंच, निमुळत्या तोंडाचं भांडं ठेवा, म्हणजे कान बाहेर राहतात.

केसांचं थोडक्यात. नुसता वरून ब्रश फिरवला की कुत्रा चकचकीत दिसतो आणि खाली नमदा तयार होतो. धातूचा कंगवा कातडीपर्यंत जायला हवा. गुंता बसतो तो काखेत, कानामागे, जांघेत आणि बोटांच्या मधे. गुंता कात्रीने कापताना आधी कातडी आणि गुंता यांच्यामध्ये कंगवा सरकवा, नाहीतर कातडी कापली जाते. उन्हाळा आला म्हणून पाठ पूर्ण भादरू नका. नंतर येणारे केस कापसासारखे येतात आणि जास्त गुंततात. पोट, पाय आणि छातीवरच्या झालरी मात्र खुशाल दोन सेंटिमीटरपर्यंत कमी करा. प्रदर्शनातला कुत्रा आपल्याला करायचा नाही.

अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शाम्पूने. मग टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा, आणि ड्रायर गार हवेवर लावून काखा, जांघा, पंजे मुळापर्यंत वाळवा. ओल राहिली तर एका रात्रीत तळहाताएवढा चट्टा ओलसर, लाल होतो. खालच्या ओठाची घडीही रोज पुसा. ‘तोंडाला वास येतो’ ही तक्रार पुष्कळदा दातांची नसून त्या घडीची असते.

गोचीड. आपली घरं आणि कुंपणं चिऱ्याची, आणि चिरा म्हणजे भोकंच भोकं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून गळते, भिंतीवर चढते आणि अशा भोकात हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध लावून भागत नाही. कुत्र्याच्या झोपायच्या जागेभोवतीची चिऱ्याची भिंत सिमेंटने लिंपा किंवा तिथे फवारणी करून घ्या, तेही घरात मांजर नसेल तरच, कारण फवारणीतलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला मारतं. कुत्र्याला महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वजनानुसार द्या, आणि पावसाळ्यातही चुकवू नका. रोज संध्याकाळी पाळीच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली बोटं फिरवा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका.

एक गोष्ट कॉकरवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी गडद दिसली की आपण गोचीडतापाचा अंदाज बांधतो, आणि तो बरोबरही असतो. पण या जातीत शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतं, असा आजारही जास्त आढळतो. दिसायला दोन्ही सारखे, औषधं वेगळी. म्हणून रक्ततपासणी त्याच दिवशी. ‘आधी दोन दिवस गोळ्या देऊन बघू’ म्हणू नये.

लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लस मे महिन्यात, पावसाआधी. पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे एप्रिलमध्ये सुरुवात करा; मग दर वर्षी एक. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आणि शेतात उंदरांचं मूत पावसाच्या पाण्यात मिसळतं. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. गोव्यात २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ची कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालू आहे, तरी ही टाळायची नसते.

जेवण. हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, देऊ नका. त्यात कांदा असतो, तो तांबड्या पेशी फोडतो. नारळाच्या रसाची चरबी असते, आणि कॉकरला स्वादुपिंडाची सूज लवकर येते. काटे असतात ते वेगळेच. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या १३ किलोच्या कॉकरला दिवसाला साधारण ६७० कॅलरी पुरतात, म्हणजे कोरडा खुराक १७० ते १९० ग्रॅम, दोन वेळांत मिळून. पाकिटावरचा आकडा बघा आणि वजनकाट्यावर मोजा, वाटीने नको. हा कुत्रा भुकेला नसतानाही भुकेला दिसतो, तीच त्याची कला. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत.

किनाऱ्यावर न्यायचं तर सकाळी सातच्या आत, आणि आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाळूत टाकलेल्या माशांत केंड असतो, फुगणारा. तो विषारी, आणि कॉकरचं नाक सगळ्यात आधी तिथेच पोचतं. दोरी सोडू नका.

डोळ्यांत निळसर धुकं, लाली, किंवा अंधारात जिन्यावर अडखळणं दिसलं तर थांबू नका. काचबिंदू आणि पडदा झिजणं दोन्ही या जातीत आहेत, आणि काचबिंदूत तासांचा प्रश्न असतो.

शेवटी चावण्याबद्दल, कारण ‘कॉकर अचानक चावतो’ असं बरेच लोक म्हणतात. काही कॉकर आपली वस्तू राखतात: मोजा, हाड, पलंगाचा कोपरा. हिसकावून घेतलं की पुढच्या वेळी तो आधीच गुरगुरतो. अदलाबदल शिकवा. हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा, त्याने मोजा सोडला की तुकडा द्या आणि मोजाही लगेच परत द्या. दिवसातून पाच वेळा, दोन आठवडे. आणि शांत कॉकर एकाएकी डोक्याला हात लावू देईनासा झाला, मुलाने गोंजारताच फिस्कारला, तर स्वभावाला दोष देण्याआधी कान उचलून वास घ्या.