सर्व्हर शेवटी: गोव्यात डेटा सेंटर उभारताना

(दृश्य: वेर्ण्याचे पठार, पावसाची सर, कारखान्याची चिऱ्याची भिंत)

कंपनीसाठी सर्व्हर घ्यायचे ठरले की बैठकीत पहिली चर्चा होते ती प्रोसेसर आणि मेमरीची. गोव्यात ती शेवटी करावी. इथे यंत्राच्या मुळावर उठतात त्या तीन गोष्टी: हवा, वीज आणि जमीन.

आधी हवा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. सर्व्हरच्या सर्किट बोर्डावर बसलेले मिठाचे कण कोरडे असेपर्यंत फारसे काही बिघडत नाही. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि दोन पिनांच्या मधोमध वीज वाहून नेणारा ओलावा तयार होतो. म्हणून खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत आणि सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश ठेवायचे. बाहेरची हवा आत घेऊन वीज वाचवण्याची थंड प्रदेशातली युक्ती इथे विसरलेली बरी.

चतुर्थीच्या सुट्टीत बिल वाचवायला एसी बंद करणारी कार्यालये आहेत. भर पावसाळ्यातली ती बचत पुढे मदरबोर्डाच्या किमतीत वसूल होते.

(दृश्य: रॅकच्या मागची बाजू, दोन रंगांच्या वीजतारा)

आता वीज. समजा, ४२ यू (यू म्हणजे रॅकमधल्या एका खणाची उंची) उंचीच्या एका रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर रचायच्या कपाटात, १२ सर्व्हर आहेत, प्रत्येकी ६०० वॅटचे. स्टोरेज आणि स्विच यांचे ८०० वॅट धरले की एकूण भार ८ किलोवॅट. हा भार २३० व्होल्टच्या, ३२ अँपिअरच्या दोन लाइनींवर वाटला, तर प्रत्येकीवर साधारण साडेसतरा अँपिअर येतात. मीटरवर सगळे निवांत दिसते. एक लाइन गेली की पूर्ण ३५ अँपिअर दुसरीवर पडतात, म्हणजे तिच्या ३२ च्या मर्यादेपेक्षा जास्त; तिचा ब्रेकरही उडाला की अख्खा रॅक बंद. ज्यासाठी दुहेरी वीज घेतली, तोच प्रसंग तिला झेपत नाही! अशा रॅकला तीन फेजच्या दोन लाइनी द्याव्यात. यूपीएसही दोन, आणि प्रत्येक एकट्याने ८ किलोवॅट पेलणारा. यूपीएसवर केव्हीए (व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार, हजारांत) छापलेले असतात. किलोवॅट, म्हणजे प्रत्यक्ष पेलणारा भार, किती, ते वेगळे विचारावे.

सर्व्हरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ८ किलोवॅटला सव्वादोन टनांपेक्षा थोडे जास्त थंडावा लागतो. त्यासाठी तीन टनांची दोन प्रिसिजन यंत्रे (सर्व्हरच्या खोलीसाठी बनवलेले एसी) घ्यावीत, म्हणजे एक दुरुस्तीला गेले तरी दुसरे पुरते. बैठकीच्या खोलीतला स्प्लिट एसी इथे चालत नाही. तो माणसांसाठी बनवलेला असतो, त्याची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यात जाते. शिवाय वीज गेली की जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत भार घेतो, पण कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे घेतो. कित्येक साध्या एसींना तर रिमोट दाबल्याशिवाय जागच येत नाही. रात्री तो कोण दाबणार? यूपीएसच्या बॅटऱ्याही गारव्यातच हव्यात. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते.

(दृश्य: तांबडी माती, अर्थिंगचा खड्डा)

जांभ्या दगडाच्या पठारावर अर्थिंग सहज मिळत नाही. जुलैत ओल्या जमिनीवर घेतलेले अर्थिंगच्या रोधाचे माप कंत्राटदाराला शोभते. खरे माप कोरड्या मे महिन्याचे. कॉम्प्युटरसाठी वेगळी अर्थ काढून ती इमारतीच्या अर्थपासून तोडू नये. विजेचा लोळ जवळ पडला तर दोन अर्थमधल्या व्होल्टेजचा फरक नेटवर्कच्या तारांतून सर्व्हरपर्यंत येतो. सगळ्या अर्थ एकत्र जोडाव्यात आणि मुख्य पॅनेलवर सर्ज रोधक (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारे साधन) बसवावा.

पणजीत तळमजला टाळा. तिथल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी कसे साचते, हे कुणाला सांगायला नको. इंटरनेटच्या दोन कंपन्या घेतल्या तरी दोघींची फायबर एकाच चरातून येत नाही ना, ते प्रत्यक्ष चालून पाहा.

आता यंत्रे. ईसीसी मेमरी (स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी) आणि प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन वीजपुरवठे हवेतच. रेड म्हणजे डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत; रेड ५ एक डिस्क गेली तरी तग धरते, रेड ६ दोन. मोठ्या डिस्कसाठी रेड ५ नको, रेड ६ घ्या: १६ टीबीची डिस्क २०० एमबी प्रतिसेकंद वेगाने पुन्हा भरायला २२ तास लागतात, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर रेड ५ मधला डेटाही गेला.

चार तासांत सुटा भाग देण्याचा करार करताना तो भाग कोणत्या गोदामातून निघतो, हे लेखी घ्या. गोदाम घाटापलीकडे असेल तर दोन डिस्क, एक वीजपुरवठा आणि एक पंखा आपल्याच कपाटात, सीलबंद पिशवीत ठेवा.