जमीन उधारीवर: अमेरिकेतील सरकारी जमीनविक्री, 1785 ते 1820

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारची तिजोरी रिकामी होती. डोक्यावर युद्धाचं कर्ज होतं आणि कर बसवण्याचा अधिकार नव्हता. हाती होती ती ओहायो नदीच्या वायव्येकडची जमीन. राज्यांनी तिच्यावरचे आपापले हक्क केंद्राकडे सोपवले होते. तिथे राहणाऱ्या शॉनी, मायामी, डेलावेर या मूळ रहिवाशांनी मात्र ती कुणाला दिलेली नव्हती, आणि पुढचा सगळा हिशेब मांडताना हे विसरून चालणार नाही. 1794 मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत त्यांचा पराभव झाला, 1795 मध्ये ग्रीनव्हिलचा तह झाला, तेव्हा कुठे तिथली मोजणी वेग घेऊ शकली.

मोजणीचा कायदा 20 मे 1785 चा. 6 मैल लांब, 6 मैल रुंद अशी टाउनशिप. तिचे 36 तुकडे, प्रत्येक 1 चौरस मैल म्हणजे 640 एकरांचा. 16 नंबरचा तुकडा शाळेसाठी राखीव. मोजणी इंग्रज गणितज्ञ एडमंड गंटरच्या साखळीने: लांबी 66 फूट, कड्या 100. अशा 80 साखळ्यांचा मैल, 10 चौरस साखळ्यांचा एकर. आपला गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस. ही साखळी गंटरच्या बरोबर निम्मी, म्हणून 40 गुंठ्यांचा आपला एकर आणि तिथला एकर तंतोतंत सारखे. चढउताराच्या रानात तिथेही 33 फुटांची अर्धी साखळीच वापरत.

कागदावर सोपं दिसणारं हे काम रानात बिघडायचं. साखळी समपातळीत, ताणून धरायची असते. उतारावर जमिनीलगत टाकली, तर माप पुरं दिसतं पण तुकडा लहान निघतो. उलट, कड्या झिजून साखळी लांबली, की तुकडा कागदापेक्षा मोठा. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला नव्हे, चुंबकीय उत्तरेला वळते. दोन्ही उत्तरांमधला फरक न वजा करता ओळ धरली, तर ती तिरपी जाणारच. शिवाय रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येतात, त्यामुळे टाउनशिपची उत्तर बाजू दक्षिण बाजूइतकी भरतच नाही. ही तूट पुढे उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांवर टाकायची पद्धत पडली. 1805 च्या कायद्याने वाद मिटवला: मोजणीदाराने जागेवर रोवलेली खूण हीच हद्द, मग माप चुकलेलं का असेना. 1785 च्या कायद्याने मोजणीदाराला मैलामागे 2 डॉलर मिळत, आणि साखळी ओढणाऱ्यांची मजुरीही त्यातूनच द्यायची. एवढ्या पैशात ओळ पुन्हा तपासायला कोण जाणार?

आता मुख्य मुद्दा. जमिनीच्या चर्चेत आपण एकराचा भाव विचारतो. माझ्या मते विचारायला हवं ते दुसरंच: कमीत कमी किती एकर घ्यावे लागतात, आणि पहिल्या दिवशी खिशात किती हवेत?

1785 मध्ये लिलावातला किमान भाव एकरी 1 डॉलर, म्हणजे एका तुकड्याचे 640 डॉलर. 1796 मध्ये भाव 2 डॉलर झाला, तुकडा तेवढाच. 1,280 डॉलर, तेही वर्षभरात. साधा शेतकरी यात बसतच नव्हता. वायव्य प्रदेशाचा संसदेतला प्रतिनिधी विल्यम हेन्री हॅरिसन याने पुढाकार घेतलेल्या 1800 च्या कायद्याने चित्र पालटलं. किमान 320 एकर, सिनसिनाटी, चिलिकोथी, मॅरिएटा आणि स्टुबेनव्हिल इथे जमीन कचेऱ्या, चौथा हिस्सा आधी आणि उरलेला 4 वर्षांत. 1804 मध्ये किमान तुकडा 160 एकरांवर आला. त्याची किंमत 320 डॉलर, पण हाती 80 असले की जमीन ताब्यात यायची. उरलेले 240 पिकातून फेडू, असा सगळ्यांचा हिशेब.

या हिशेबाला दोन टेकू होते: धान्य-कापसाचे चढे भाव आणि स्थानिक बँकांनी स्वतः छापलेल्या नोटा. 1815 नंतर युरोपात मागणी होती, तोवर अलाबामातल्या कापसाच्या जमिनीचे लिलाव किमान भावाच्या कितीतरी वर गेले. (ही जमीनसुद्धा 1814 च्या फोर्ट जॅक्सनच्या तहात क्रीक लोकांकडून घेतलेली, आणि तिथला कापूस गुलामांच्या श्रमावर पिकणारा.) 1818 च्या सुमारास दुसऱ्या राष्ट्रीय बँकेने (केंद्राने सनद दिलेल्या, देशभर चालणाऱ्या बँकेने) कर्जं आवळली, स्थानिक बँकांकडे नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी मागितली. 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना प्रदेश विकत घेताना काढलेले कर्जरोखेही त्याच वेळी रोकडीत फेडायचे होते. कापूस गडगडला, नोटा घेईना कुणी, हप्ते थकले. 1820 पर्यंत खरेदीदारांकडे सरकारचं येणं 2 कोटी डॉलरच्या वर गेलं होतं.

जप्ती करणं कायद्यात होतं, पण एवढ्या मतदारांना घराबाहेर काढणार कोण? अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आधीही वारंवार मुदती वाढवून दिल्या होत्या. आता 24 एप्रिल 1820 च्या कायद्याने उधारीच बंद केली: किमान 80 एकर, भाव सव्वा डॉलर, सगळे रोख. म्हणजे 100 डॉलर. 1821 च्या सवलतीत जुन्या कर्जदाराला जमिनीचा काही भाग परत करून भरलेले पैसे उरलेल्या भागावर वळवता आले.

भाव उतरला, तरी दारात पाऊल ठेवायला आधी 80 डॉलर लागत ते आता 100 झाले, आणि जमीन मात्र निम्मी. ज्यांच्याकडे तेवढी रोकड नव्हती, ते लिलावाची वाट न पाहता आधी जाऊन झोपडी बांधत, रान साफ करत. 160 एकरांपर्यंत सव्वा डॉलरने आधी विकत घेण्याचा त्यांचा हक्क कायमच्या कायद्याने मान्य व्हायला 1841 साल उजाडलं.