कुठला खड्डा?

(दृश्य : पहाट. उघड्या टपाची लाल गाडी.)

किल्ली फिरवली की पहिला आवाज मागून येतो. टक-टक-टक-टक. हे इंजिन नव्हे, पेट्रोलचा पंप. पुढे पेट्रोल हवेत मिसळणारे दोन कार्बोरेटर आहेत, त्यांच्या वाट्या भरतोय. भरल्या की टकटक मंदावते. मग चोक ओढायचा, आणि मगच स्टार्टर.

ही एमजीबी, एमजीची स्पोर्ट्स कार. १९६२ साली ब्रिटनमध्ये आली, इंजिन १७९८ सीसीचं. वेगाचं म्हणाल तर आजच्या कित्येक हॅचबॅक हिला सहज मागे टाकतील. वेग बघायला आलोच नाही आम्ही.

(दृश्य : चालकाचे हात.)

स्टिअरिंगला पॉवर नाही. जागेवर वळवताना खांदे भरून येतात, पण गाडी चालू लागली की रस्ता थेट तळहातात उतरतो. खडी आली की बोटं थरथरतात. वळणात पुढची चाकं घसरायच्या बेतात असली की स्टिअरिंग हलकं पडतं; ते हातालाच आधी कळतं.

हा गिअर सावकाश बघा. सुरुवातीच्या एमजीबींना पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी त्यांचा वेग आपोआप जुळवणारी रचना, नव्हतं. चालत्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात यायचं तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक टोला, पुन्हा क्लच, मग पहिला. चुकलं की खर्रर्र. हा खर्रर्र आम्ही कापलेला नाही.

मागे कमानपाटे आणि अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली. वळणात खड्डा लागला, की बघा, बूड कसं उडतं!

(दृश्य : तोच रस्ता, दुसरी गाडी.)

रोल्स-रॉइस घोस्ट, २०२० ची. काच वर गेली आणि वारा संपला. आवाज अडवायला १०० किलोंहून जास्त सामान भरलंय, टायरच्या आतसुद्धा. कॅमेरे पुढचा रस्ता वाचून सस्पेन्शनला आधीच तयार करतात. बनवणारेच सांगतात, की केबिन इतकी शांत झाली की आत बसलेल्याला गरगरायला लागलं. मग त्यांनी मुद्दाम थोडी कुजबुज परत आणली.

चालकाला विचारलं, "मघाचा तो खड्डा?"

"कुठला?"

एमजीबीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, आणि तासाभरात कंबर बोलू लागते, हेही खरं.

(दृश्य : लाल गाडी, बॉनेट उघडं.)

इंजिन बंद केलंय. गार होताना लोखंड कुरकुरतंय, तेवढं ऐका.