आमचं कसलं काय!

नमस्कार श्रोतेहो.

एक प्रश्न मी गेली काही वर्षं भेटेल त्याला विचारत आलोय. तुम्ही स्वतः केलेली अशी कुठली गोष्ट आहे, जिच्या आठवणीनं आजही तुमची कॉलर ताठ होते? पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं: "आमचं कसलं काय हो!" जरा थांबलं, चहा झाला, की दुसरं येतं: "पोरं मार्गी लागली, बस्स." मग थोरल्याची नोकरी, धाकटीनं पुण्यात घेतलेला फ्लॅट. अहो, फ्लॅट तिनं घेतला. तुमचं काय, ते राहिलंच की!

यात त्या माणसांचा दोष नाही. आपल्याकडची शिकवणच तशी. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली, त्यात 'आपली आपण करी स्तुती' हे आहेच, आणि त्याच ओवीत 'सांगे वडिलांची कीर्ती' हाही मूर्खच ठरवलाय. स्वतःचं सांगायचं नाही, वडिलांचं सांगायचं नाही. मग उरलं कोण? पोरं! शिवाय शेजारीपाजारी "लईच चढलाय" म्हणतील ही धास्ती, आणि नजर लागेल ही त्याहून जुनी. मग सगळा अभिमान जातो चौकातल्या फ्लेक्सवर. तिथं भाऊंची कुठल्याशा समितीवर निवड झालेली असते, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो भाऊंपेक्षा जास्त जागा खातात. त्या फ्लेक्सबद्दल मला आज बोलायचं नाही. ज्यांचा फ्लेक्स कधी लागला नाही, त्यांच्याबद्दल बोलायचंय.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, तीही बहुतेक सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या शाखांत. त्या काळी काउंटरवर एक जांभळ्या शाईचं पॅड आणि शेजारी खिळ्याला अडकवलेली फडक्याची चिंधी असायची. सही न येणाऱ्यांचा अंगठा घ्यायचा, पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा, मग ओळखणाऱ्या कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही. पैसे काढायची स्लिपही दुसऱ्यानंच भरून द्यायची. म्हणजे बाईनं किती काढले आणि मागं किती उरले, हे स्लिप भरणाऱ्याला कळणार, त्याच्या मार्फत आळीला कळणार, आणि संध्याकाळपर्यंत दिराला.

एके दिवशी साठीच्या पुढच्या एक बाई नातीला घेऊन आल्या. दूध डेअरीचे पैसे खात्यावर जमा व्हायचे म्हणून दर महिन्याला यायच्याच. पॅड पुढं सरकवलं, तर त्यांनी ते मागं ढकललं. "अंगठा नाही, सही." नातीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवली होती. आता बँकेचा मामला असा, की अंगठ्याचं खातं सहीवर करायचं तर अर्ज, फोटो, आणि नमुना सहीचं कार्ड लागतं. मी कागद काढून दिले. मागं रांग वाढत होती. बाईंनी पदर खोचला, पेन उभं धरलं आणि पहिलं अक्षर काढलं. नाव रेघेवर सुरू झालं आणि आडनावाला येईस्तोवर रेघेच्या बोटभर वर चढलं. वेलांटी द्यायची राहिली होती, ती शेवटी परत येऊन दिली. एरवी लोक कागदावर खुणा केलेल्या जागा बघून कुरकुरतात, "अजून किती सह्या?" म्हणून. बाईंनी सगळ्या जागी सह्या केल्या, कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "आणिक कुठं राहिली का?"

रांगेतला एकही माणूस बोलला नाही. आमचे शिपाई मात्र म्हणाले, "मावशी, आता चेकबुक मागा!" त्यावर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी स्लिप भरायला शिकते. किती काढले ते कुणाला कळायला नको."

मला वाटतं, त्या दिवशी त्यांना नेमकं काय मिळालं ते या एका वाक्यात होतं. साक्षरता म्हटलं की आपण पोथी वाचण्याचं, बसची पाटी वाचण्याचं बोलतो. तेही खरंच. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारीचा गणवेश घालून, दप्तर-पाटी घेऊन दुपारी वर्गात बसायला लागल्या. त्यांचे फोटो देशभर गेले. पण फोटोत न दिसणारी गोष्टही असते: आपला व्यवहार आपल्यापुरता ठेवता येण्याची. ती ज्याची त्यालाच ठाऊक.

आमच्या जिल्ह्याला तर याचा जुना वारसा. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं ती राज्यभर नेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मला यातली योजना फार हुशार वाटते. एकट्या माणसाला मी शिकलो असं सांगायला लाज वाटते, कारण काल येत नव्हतं हे त्यात आलंच. गावच्या गावानं सांगितलं की लाज वाटायचं कारण उरत नाही. पुढं सराव न राहिल्यानं बरेच जण पुन्हा अंगठ्यावर आले, हेही खरं. पण देवळापुढं आपलं नाव मोठ्यानं वाचलेला दिवस कोण विसरेल?

अभिमानाचा आणखी एक प्रकार आहे, त्याला मी वाट्याचा अभिमान म्हणतो. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं मिळायला १९९६ साल उजाडलं. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शंभराच्या वर गाड्या होत्या म्हणतात. मग खाशाबांनी कुस्त्या मारून, पैसे जमवून ते घर सोडवायला हातभार लावला.

पदक खाशाबांचं, त्यात वादच नाही. पण घर गहाण टाकणाऱ्या माणसानंही त्या दिवशी काहीतरी जिंकलं होतं. वर्गणीत चार आणे घालणाऱ्यानं जिंकलं होतं, आणि ज्याचे बैल मिरवणुकीत होते त्यानंही. आमच्या भागात जुन्या माणसांच्या तोंडून "आमची गाडी होती त्यात" असं वाक्य ऐकलं की मी कधी हिशेब घालत बसलो नाही, की मग गाड्या नक्की किती झाल्या. असा वाटा सांगणं ही बढाई नव्हे. मुलीच्या फीसाठी बांगड्या मोडणारी आई, धाकट्याला शिकवायला स्वतः नववीतून उसाच्या फडावर गेलेला भाऊ, यांनी आपला वाटा सांगितला तर कुठं बिघडलं? उलट न सांगितल्यानं बिघडतं. धाकट्याला वाटतं, आपण आपल्याच हिमतीवर साहेब झालो.

आता पुरुषमंडळींकडं येतो. मार्च अखेर म्हणजे आम्हा बँकवाल्यांची वसुलीची धावपळ. त्यात एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मला वाटलं, नातू झाला. तर त्यांनी कर्जाचा शेवटचा हप्ता भरला होता आणि त्यांना बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, हवा होता. विहिरीसाठी वडिलांनी काढलेलं कर्ज, त्यात दोन दुष्काळ, पुनर्गठन, व्याज, नोटिसा. दाखला घेऊन ते तलाठ्याकडं गेले, फेरफार झाला, आणि काही आठवड्यांनी नवा सातबारा दाखवायला परत आले. इतर हक्काच्या रकान्यातला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, गेलेला. तो कागद त्यांनी चक्क लॅमिनेट करून आणला होता. त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं बघा. काही नाही."

पेढे त्यांनी बँकेत वाटले, गावात वाटले नाहीत. का? तर कर्ज फिटलं सांगायचं म्हणजे कर्ज होतं हे सांगायचं. नोटीस आली होती, जामीनदारानं चारचौघांत बोलून घेतलं होतं, ते सगळं पुन्हा उकरून निघायचं. माणसाचे सगळ्यात मोठे पराक्रम बहुतेक वेळा असे एखाद्या फजितीला चिकटून असतात. चाळिशीत दहावी पास झालेला माणूस पेढे वाटताना कचरतो तो याचसाठी: पंधराव्या वर्षी काय झालं होतं, हे कुणीतरी विचारणारच.

ही अडचण सगळ्यात चांगली सोडवली ती व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या लोकांनी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथं दारू सोडल्याच्या तारखेचा वाढदिवस करतात. एक वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं. पन्नाशीचा माणूस उठून सांगतो, मी सात वर्षांचा झालो! टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याच वाटेवरून आलेले कितीतरी जण असतात. मागची फजिती तिथं लपवायची गरजच नसते. उलट ती मोठी, तेवढा आजचा दिवस मोठा. हाच माणूस घरच्या लग्नात, पंगतीत सात वर्षांचं बोलेल का? नाही बोलणार. ऐकणारे कोण आहेत, यावर सांगणं ठरतं.

म्हणून सांगतो, घरातल्या माणसाकडून असं काही ऐकायचं असेल तर थोडी युक्ती लागते. "तुमच्या आयुष्यातला अभिमानाचा क्षण कोणता?" असं सत्कारसमारंभातल्या निवेदकासारखं विचारलं, की माणूस आवळून बसतो. त्यापेक्षा वस्तूवरून विचारा. ही शिलाई मशीन घेतली तेव्हा पैसे कुठून आणले? वाड्याची ही भिंत कुणी उचलली? पोहायला कुणी शिकवलं? माणूस मशीनचं सांगता सांगता स्वतःचं सांगून जातो. आणि मधे तोंड घालायचं नाही. "हो का? आमच्या मामांनी तर..." हे पहिलं बंद. बायकांना विचारलं की शेजारच्या खुर्चीवरून उत्तर येतं, "तिला काय माहीत, मी सांगतो." त्यांना चहा आणायला पाठवावं. बचत गटाचं पहिलं कर्ज कुणी मंजूर करून आणलं, अधिकाऱ्याशी कोण बोललं, ही हकिकत ते परत येण्याआधी निम्मी तरी ऐकून होते.

शेवटी एका गृहस्थांबद्दल सांगतो. हे एसटीचे निवृत्त चालक, आमच्या शेजारीच राहतात. एसटीत वर्षानुवर्षं विना अपघात गाडी चालवणाऱ्या चालकांचा सत्कार होतो, तसा त्यांचाही झाला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हणाले, "काय सांगू? काहीच झालं नाही!" मला गंमत वाटली. पदकाची गोष्ट सांगता येते, कर्जाची सांगता येते. गाडी कधी घासलीसुद्धा नाही, याची गोष्ट कशी सांगणार? इतक्या वर्षांत त्यांच्या मागं बसून झोपलेले, उलट्या करणारे, सुट्ट्या पैशांवरून भांडणारे हजारो लोक आपापल्या थांब्यावर उतरले आणि घरी गेले. एकालाही कळलं नाही, की आज आपल्याला काही झालं नाही.

मग मी प्रश्न बदलला. विचारलं, कुंभार्ली घाट पावसाळ्यात रात्रीचा कसा काढायचा? झालं! खुर्ची पुढं सरकली, हात स्टिअरिंगवर आले. "धुकं उतरलं की हेडलाइटचा उलटा त्रास हो, समोर नुसती पांढरी भिंत. खिडकीची काच खाली घ्यायची, मान बाहेर काढायची आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवायची. पट्टाही दिसेना झाला, तर कंडक्टर बॅटरी घेऊन खाली उतरायचा आणि गाडीपुढं चालायचा. पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागं मागं. चिपळूणचं पॅसेंजर ओरडायचं, पोहोचणार कधी? मी म्हणायचो, पोहोचणार."

त्यानंतर ते तासभर बोलत होते. त्यांच्या सौ. आतून येऊन म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाहीत!" त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

नमस्कार.