नॉइज: मळमळीतून उठलेला गोंगाट

(दृश्य: इंदूर, अनंत चतुर्दशीची रात्र. राजवाड्याच्या परिसरातून झांक्यांची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची, मिरवणूक.)

निवेदन:
कापडगिरण्या कधीच बंद पडल्या, त्यांच्या झांक्या मात्र अजून निघतात. पुढे आखाडे, ढोल-ताशे, मागे डीजे. शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द पुरतो: नॉइज.

शब्द आलाय समुद्रावरून. ग्रीक भाषेत ‘नाउस’ म्हणजे जहाज. आपली नौका आणि हा नाउस एकाच कुळातले. जहाज डोललं की पोट ढवळतं. त्या ढवळण्यावरून लॅटिनमध्ये ‘नाउसिया’ रुळला. मळमळीची झाली अस्वस्थता, अस्वस्थतेची कटकट, आणि जुन्या फ्रेंचपर्यंत येता येता ‘नॉइज’ म्हणजे चक्क तंटा! काही अभ्यासकांना ही वंशावळ पटत नाही. ते ‘नॉक्सिया’, म्हणजे इजा, या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवतात. पण बहुतेक कोश जहाजाच्या बाजूचे आहेत, आणि खरं सांगायचं तर गोष्टही तीच रंगतदार.

आजच्या फ्रेंचमध्ये हा शब्द जेमतेम उरलाय. ‘शेर्शे नुआझ’, म्हणजे भांडण उकरून काढणं, एवढ्या वाक्प्रचारापुरता.

(दृश्य: रामबागेतली गल्ली. खेळणारी मुलं.)

भांडण आणि आवाज एकाच शब्दात नांदतात, याचं इंदूरकरांना नवल वाटू नये. इथल्या मराठी घरातली आजी दुपारी ओरडते, “हल्ला नका करू रे!” पुण्याहून आलेला पाहुणा दचकतो, कोणी कोणावर चाल केली? हिंदीच्या शेजारानं हल्ल्याला गलक्याचाही अर्थ दिलाय.

(दृश्य: ढोलावर पडणारी टिपरी, जवळून.)

१३व्या शतकात नॉइज इंग्रजीत पोचला, आणि तिथे बराच काळ त्याला मानही होता. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये शंभरावं स्तोत्र देवापुढे ‘जॉयफुल नॉइज’ करायला सांगतं. त्याहून गमतीचं म्हणजे, वादकांच्या ताफ्यालाच तेव्हा ‘नॉइज’ म्हणत. शेक्सपियरच्या ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात खानावळीतली माणसं ‘स्नीकचा नॉइज’ शोधतात. स्नीक हा वादक, आणि नॉइज म्हणजे त्याची मंडळी. आपल्या ढोलपथकांनी हे नाव लावलं असतं, तर तेव्हाच्या लंडनमध्ये कोणी हसलं नसतं.

(दृश्य: संकलनाची खोली. पडद्यावर रात्री खाऊगल्ली होणारा इंदूरचा सराफा बाजार.)

पुढे तर या शब्दाला आवाजाचीही गरज उरली नाही. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी १९२८ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. साध्या विद्युतरोधातही, बॅटरी न जोडता, उष्णतेनं इलेक्ट्रॉन चुळबुळत राहतात आणि बारीकसा विद्युतदाब उमटतो. नको असलेली ही चुळबुळही नॉइजच.

पडद्यावर पाहा. जिलेबीच्या कढईमागचा अंधार थरथरतोय, रवा सांडल्यासारखा. आमचा संकलक त्या दाण्यांना नॉइज म्हणतो. ते पुसायला गेलं तर जिलेबीची कडही पुसट होते, म्हणून आम्ही ते तसेच ठेवलेत.