नसेचं कलम

श्रोतेहो, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आमच्याकडे दिवस मोजतात ते छाटणीपासून. वाटेत कुणी भेटला की पहिला प्रश्न, "तुमचा कितवा दिवस?" त्याच्या उत्तरावरून समोरच्याला कळतं, बागेत फुटवा आहे, फुलोरा आहे की मणी धरलेत. गेल्या वर्षापासून मी याच्या जोडीला आणखी एक मोजणी ठेवली आहे, माझ्या उजव्या मनगटाच्या नसेच्या ऑपरेशनपासूनची. आज ४१०वा दिवस.

गेल्या वर्षी गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही द्राक्षबागेतल्या मांडवाच्या तारा ओढत होतो. ताणलेली तार तुटली आणि तिचं टोक मनगटाच्या आतल्या बाजूला बसलं. जवळच्या एका दवाखान्यात रक्त थांबवलं, सहा टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर लागताहेत, हे मी तिथं सांगितलं होतं. "सूज आहे, उतरली की येईल," असं उत्तर मिळालं. मूठ मिटत होती, बोटं वळत होती, त्यामुळे मलाही ते पटलं. यात तीन आठवडे गेले.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण माझं सगळं रामायण इथूनच सुरू झालं. बोटं वळवणारे स्नायू हाताच्या पंजात नसतात, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांना जाणारे नसेचे फाटे मनगटाच्या बरेच वर फुटतात. म्हणून मनगटापाशी नस पूर्ण तुटली तरी मूठ मिटते. बोट हललं म्हणजे नस शाबूत आहे, असं धरून चालू नका. काच, पत्रा, तार, कात्री, कशानंही मनगट किंवा बोट कापलं तर सुन्न करायचं इंजेक्शन देण्याआधी डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला कापसानं प्रत्येक बोटाच्या शेंड्याला, दोन्ही कडांना हलकेच शिवायला सांगा. करंगळीची नस वेगळी, अंगठ्याकडच्या बोटांची वेगळी, म्हणून प्रत्येक बोट तपासायचं. चांगल्या हाताशी ताडून पाहा. फरक लागला तर हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जा. ताजी तुटलेली नस टोकाला टोक जुळवून शिवता येते.

आपल्या बोलण्यातही एक घोळ आहे. रक्ताची ती नस आणि संवेदनेची तीही नसच. शाळेच्या पुस्तकात तिला चेतातंतू म्हणतात, पण घरात तो शब्द कोण वापरतो? रक्ताची नस तुटली तर अख्खं घर धावतं. ही दुसरी नस तुटते तेव्हा रक्त नाही, आवाज नाही, नुसता बधिरपणा.

तीन आठवड्यांनी नाशिकला गेलो. तिथं डॉक्टरांनी कापसानं आणि पेनाच्या टोकानं तपासलं, मग यंत्रावर नसेतला करंट मोजला, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. म्हणजे ऐन गोडी छाटणीत, फळांसाठी वेली छाटतो तेव्हा. तीन आठवड्यांत नसेची दोन्ही टोकं आखडून मागे सरकली होती. ओढून शिवली तर ताणाखाली नस जगत नाही. म्हणून पायाच्या पोटरीमागून, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जाणारी एक संवेदनेची नस काढली आणि तिचा तुकडा मधे जोडला. डॉक्टरांनी मला समजावलं, "कलम करतोय." बागायतदाराला याहून सोपं काय सांगणार? डॉगरिज या रानवेलीच्या खुंटावर आम्ही थॉमसन या द्राक्षाची काडी बांधतो, तसंच. फक्त इथं कलम सूक्ष्मदर्शकाखाली बांधलं, केसाहून बारीक दोऱ्यानं. तेव्हापासून माझ्या पावलाची बाहेरची कड बधिर आहे. हे होणार, याची कल्पना मला आधी दिली होती, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

दवाखान्यातल्या चार दिवसांतलं सांगण्यासारखं थोडकंच आहे. खांद्यापासून अख्ख्या हाताला भूल दिली होती. रात्री जाग आली तेव्हा उशीवर कुणाचा तरी हात पडलाय असं वाटलं. उचलायला गेलो तर तो माझाच. घाबरून सिस्टरला हाक मारली. त्यांनी हात परत दोन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवला, माझं नख दाबून सोडलं आणि मला दाखवलं, "दादा, पांढरं होऊन लगेच लाल झालं ना? रक्त छान फिरतंय." नंतर दर तासाला मी स्वतःच नख दाबून पाहायचो. भूल उतरायला लागते तेव्हा दुखणं एकदम अंगावर येतं. ते सहन करत पडून राहू नका, मुंग्या सुरू झाल्या की लगेच सांगा, गोळी वेळेवर मिळते. आणि तंबाखू. माझी पुडी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितली. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि नव्या कलमाला रक्त कमी पडतं. भेटायला येणाऱ्यांना हात जोडून सांगतो, शहाळं आणा, फळं आणा, पण खिशातली पुडी रुग्णापुढे काढू नका.

घरी आलो तेव्हा मनगट किंचित वाकवून प्लास्टरच्या पट्टीत होतं. तीन आठवडे, म्हणजे दिवाळीपर्यंत. टाके निघाले, पट्टी निघाली, आणि गावात प्रत्येकजण म्हणायला लागला, "चला, झालं मोकळं!" मला तेव्हा रडू यायचं. कातडी दोन आठवड्यांत मिळून येते, ती लोकांना दिसते. नसेचं काम तर तेव्हा कुठं सुरू झालेलं असतं.

ते काम कसं चालतं, हे मला फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर आला. ऑगस्टस वॉलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिलं होतं. कापल्याच्या पुढचा भाग मरतो, मागचा जिवंत राहतो. आमच्या वेलीसारखंच, काडी कापली की पुढची वाळते आणि खोडाकडचा डोळा फुटतो. मागच्या टोकातून नवे धागे फुटतात आणि पुढच्या रिकाम्या पडलेल्या नळ्यांतून सरकत जातात, शेंडा तारेच्या आधारानं जातो तसे. वेग किती? दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. तोही सुरुवातीचे काही आठवडे सोडून. घरी टेपनं मोजलं, मनगटावरच्या व्रणापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत १७ सेंटिमीटर भरलं. म्हणजे सहा-सात महिने. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

स्नायूंना मात्र इतका दम नसतो. नस पोहोचली नाही तर वर्ष-दीड वर्षात ते कायमचे वाळतात. माझ्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दिवाळीपर्यंत बसूनच गेला होता. म्हणून नस पोहोचेपर्यंत सांधे मोकळे ठेवायचे. डाव्या हातानं उजव्या अंगठ्याला तळहातासमोर आणायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. आठवड्यातून दोनदा पिंपळगावहून एसटीनं नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचो आणि पुढे रिक्षानं जायचो. मुंग्या आणि चटके कमी होण्याच्या गोळ्यांनी सुस्ती यायची, त्यामुळे ट्रॅक्टर, मोटारसायकल बंद. या गोळ्या मनानं सोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

जानेवारी आला. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा घसरला की पेपरात पहिलं नाव आमचं. पहाटे द्राक्षाला ऊब मिळावी म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो. मी एका शेकोटीपाशी हात पुढे करून बसलो होतो, दादाशी बोलत. बधिर हाताला थंडी जास्त झोंबते, ऊब लागत नाही, म्हणून मी आणखी पुढे सरकलो. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "बाबा, बोटाला काय झालं?" तर्जनीच्या पेरावर हरभऱ्याएवढा फोड होता. आत पाणी भरलेलं, कडा लाल. मला काहीही कळलं नव्हतं. जराही नाही.

त्या दिवसापासून बायकोनं घरात नियमच केला. चहाचा कप डाव्या हातानं, पाणी कोमट आहे का ते डाव्या हातानं बघायचं, चुलीजवळ उजवा हात नजरेसमोर. रात्री दिव्याखाली बोटं एकेक करून पाहायची, कुठं कापलंय का, काटा रुतलाय का. नस नसलेल्या कातडीला घामही येत नाही, ती सुकून भेगाळते, म्हणून झोपताना खोबरेल. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हे रोज करा. कातडी शुद्धीवर येईपर्यंत डोळ्यांनीच तिची राखण करावी लागते.

आता मुंग्यांविषयी. लोक मुंग्यांना घाबरतात. पण पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ज्यूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरानं जखमी सैनिकांवर एक गोष्ट टिपली. नसेच्या वाटेवर बोटानं टिचकी मारत गेलं की जिथं नवे धागे पोहोचलेत तिथून पुढे मुंग्या येतात. त्यानं या खुणेला जे नाव दिलं त्याचा फ्रेंचमधला अर्थही मुंग्या येणं असाच आहे. आमच्या धाकटीनं हा खेळच करून टाकला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती माझ्या तळहातावर टिचक्या मारायची आणि जिथं झण्ण झालं तिथं बॉलपेननं फुली. मग टेपनं मोजून वहीत तारखेसह लिहायची. डिसेंबरात फुली व्रणाच्या थोडीच पुढे होती, फेब्रुवारीत तळहाताच्या मधोमध, माल उतरवला तेव्हा बोटांच्या बुडाशी. वेलीच्या शेंड्याची वाढ मोजतात तशीच ती मोजणी होती. त्या वहीनं मला धीर दिला.

धागे पोहोचले म्हणून लगेच पहिल्यासारखं कळतं, असंही नाही. काही धागे चुकीच्या नळीत शिरतात. तर्जनीला हात लावला की मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटायचं. मेंदूला नव्यानं शिकवावं लागतं. त्यासाठी ताटात बाजरी, तांदूळ, मटकी, हरभरे घेऊन बसायचो. आधी बघून चोळायचं, मग डोळे मिटून ओळखायचं, चुकलं की डोळे उघडून परत. नंतर किल्ली, बटण, रुपया. आई समोर बसून सुपात धान्य पाखडायची आणि मला म्हणायची, "घाई नको, सांग सावकाश." बाजरी आणि मोहरीतला फरक मला अजून लागत नाही.

एक साधी तपासणी घरबसल्या होते, ती १९७३ साली प्रसिद्ध झाली होती. हात कोमट पाण्यात अर्धा तास ठेवला की बोटांच्या शेंड्यांना सुरकुत्या पडतात. तुटलेल्या नसेच्या बोटांना पडत नाहीत. पाणी अर्थातच दुसऱ्या हातानं तपासून घ्यायचं. पहिल्या उन्हाळ्यात बादलीतून हात काढला तर करंगळी सुरकुतलेली आणि अंगठा लहान बाळाच्या बोटासारखा गुळगुळीत. यंदा दसऱ्याला अंगठ्याला आडव्या दोन बारीक सुरकुत्या दिसल्या. मी बायकोला, आईला, दादाला, सगळ्यांना बोलावून दाखवल्या.

मोठ्या माणसाची नस शंभर टक्के परत येत नाही, लहान मुलांची बरीच चांगली येते. हे डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच सांगितलं, आणि आज कुणी दवाखान्यातल्या खाटेवर हे ऐकत असेल तर मीही ते लपवणार नाही. थंडीत हात ठणकतो. डाव्या बाहीचं बटण न बघता लागत नाही. पण टोचलेलं कळतं, गरम-गार कळतं, चमचा, पेन धरता येतं, अंगठ्याचा उंचवटा निम्म्याहून जास्त भरला आहे.

बागेचा आज ५०वा दिवस, विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढणं, चालू आहे. गेल्या वर्षी मी बांधावर बसून होतो. परवा सकाळी पहिल्यांदा कात्री घेऊन मांडवाखाली गेलो. घड डाव्या हातात धरला, उजव्या चिमटीत एक मणी घेतला. दवानं ओला होता. ओला आहे, हे मला डोळ्यांआधी बोटानं सांगितलं. दोन तासांत अकरा घड झाले, बायका तेवढ्या वेळात कितीतरी करतात. उद्या परत जाणार आहे.

नमस्कार.