लवंग: एक कळी, कामं दोन

स्क्रीनवर ही जी दिसतेय ना, खिळ्यासारखी, ती चक्क न उमललेली कळी आहे. जवळून बघा, खाली देठ, वर चार टोकं आणि मधोमध ती गोल बोंडी, पाकळ्या अजून तिच्यात मिटलेल्याच आहेत. झाडावर कळ्या गुलाबी व्हायला लागल्या की खुडून घेतात, कारण फूल उमललं की मसाला म्हणून त्यात काही दम राहत नाही. मग चार-पाच दिवस कडक ऊन, तेव्हा कुठे हा तपकिरी रंग चढतो.

मूळची ही इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरची. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने भाव पडू नये म्हणून बऱ्याच बेटांवरची झाडंच तोडून टाकली, इतका हिच्यात पैसा होता! शेवटी १७७० मध्ये फ्रेंचांनी गुपचूप रोपं मॉरिशसला नेली आणि डचांची मक्तेदारी मोडत गेली.

आता औषधाचं. सगळी करामत युजेनॉल नावाच्या रसायनाची, लवंगेच्या तेलात तेच साधारण ७० ते ९० टक्के असतं. दुखऱ्या दाताखाली लवंग धरली की आधी झणझणतं आणि मग तिथली जागा बधिर होते, म्हणून तर डेंटिस्टसुद्धा युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड कालवून तात्पुरतं फिलिंग भरतात. पण दुखणं थांबलं म्हणजे कीड गेली असं नाही हां, ती आत आपलं काम करतच असते. आणि तेल नुसतंच हिरडीला चोळू नका, भाजतं. लहान मुलांच्या तर हाती लागू देऊ नका, थोडं जरी पोटात गेलं तरी लिव्हरवर येऊ शकतं. लवंगेचं पाणी पिऊन वजन उतरतं वगैरे व्हिडिओ फिरतात, त्यांचं सोडूनच द्या.

स्वयंपाकातही तेच युजेनॉल. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेला-तुपात मात्र पटकन उतरतं, म्हणून लवंग आधी गरम तेलात टाकायची, टम्म फुगली की बाकीचं घालायचं. चार माणसांच्या भाताला दोन-तीन पुरे, जास्त झाल्या की कडवट लागतं आणि जीभच बधिर होते, मग चव कसली कळणार.

घेताना नखाने बोंडीखाली दाबून बघा, तेलाचा ओशटपणा लागला पाहिजे. किंवा पाण्यात टाका, चांगली लवंग बुडते नाहीतर उभी तरंगते. आडवी पडून तरंगली तर समजा, तेल आधीच कुणीतरी काढून घेतलंय.